जिभेचा गळ आणि देवाचा काटा



पौष वद्य एकादशी जवळ आली, की नाशिकचे रस्ते दिंड्यांनी भरून जातात. कुणी खानदेशातून चालत येतं, कुणी नगरकडून, कुणी मराठवाड्यातून. रामकुंडावर स्नान करायचं, काळारामाचं दर्शन घ्यायचं, पंचवटीत रात्र काढायची आणि पहाटेच्या थंडीत त्र्यंबकची वाट धरायची, निवृत्तिनाथांच्या समाधीकडे. अशाच एका मुक्कामात हे निरूपण झालं. मुलांनी ते ध्वनिमुद्रित केलं आणि आता छापून ते तुमच्या हातात आलं आहे. तुम्ही घरी वाचत असाल, एसटीत वाचत असाल, दिंडीच्या ट्रकला पाठ टेकून वाचत असाल. कुठंही असा, समोर बसल्यासारखं वाचा.

विषय साधा आहे. जीभ.

डोळ्याला देवाने एक काम दिलं, बघणं. कानाला एक, ऐकणं. जिभेला मात्र दोन दिली. चव घेणं आणि नाम घेणं. इंद्रिय एक, खाती दोन. आणि ज्याच्याकडे दोन खाती असतात, तो कोणत्या खात्यात जास्त वेळ बसतो, हे बघावं लागतं.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. याच स्कंधावर पैठणच्या नाथमहाराजांनी टीका लिहिली, ती काशीला 1573 साली पूर्ण झाली. त्या चोवीस गुरूंत एक गुरू मासा आहे. कोळी गळाला आमिष लावून तो पाण्यात सोडतो. माशाला आमिष दिसतं, गळ दिसत नाही. बरं, मासा उपाशी असतो का हो? सगळं तळं त्याचंच आहे. पोट भरलेलं असतं, तरी तो जातो. त्याला भूक नेत नाही, त्याला ओढ नेते.

हा भेद पक्का धरा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. भूक वेगळी, ओढ वेगळी. भूक पोटातून येते, ओढ जिभेतून येते. भूक हळूहळू चढते, ओढ झपकन येते. भुकेल्या माणसाला शिळी भाकरी आणि मीठ द्या, तो देवाचं नाव घेऊन खाईल. ओढ लागलेल्याला भाकरी द्या, तो म्हणेल, "भाकरी नको, भूक नाही. जिलबी असेल तर बघा." भूक नाही म्हणतो आणि जिलबी मागतो! त्यानेच कबूल केलं की मागणारं पोट नव्हे.

आणि ओढ बहुतेक वेळा बघण्यातून आत शिरते. आपण बसलोय ती पंचवटी आहे. सोन्याचा मृग इथंच दिसला. तो दिसेपर्यंत पर्णकुटीत कसली उणीव नव्हती. दिसला आणि हवासा झाला. सीतामाईची ती लीला होती, आपल्याला शिकवण्यासाठी. आपण मात्र मिसळीच्या हॉटेलावरून जाताना तर्रीचा रंग बघतो आणि आत्ताच जेवून उठलोय हे विसरतो.

आता कुणी म्हणेल, "महाराज, सोपा उपाय आहे. खाणंच बंद करावं. आम्ही एकादशी धरतो." धरा. पण त्याच ठिकाणी भागवत एक मोठी सावध करणारी गोष्ट सांगतं. उपास केला, की बाकीची इंद्रियं लवकर थकतात, शांत होतात. एक जीभ सोडून. उपाशी माणसाची जीभ उलट वाढते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही भगवंत हेच सांगतात, की न खाणाऱ्यापासून विषय दूर होतात, गोडी मात्र मागे राहते.

पटत नसेल तर एकादशीच्या घरात जाऊन बघा. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, मधे रताळ्याचा कीस, संध्याकाळी बटाट्याचा चिवडा, रात्री राजगिऱ्याचे लाडू. आपल्याच लोकांनी म्हण करून ठेवली, एकादशी अन् दुप्पट खाशी. माऊली, एक गंमत सांगतो. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि वरची हिरवी मिरची, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज वगैरे लोक समुद्रातून आले, त्यानंतर ते आपल्याकडे आलं. म्हणजे निवृत्तिनाथ, ज्ञानोबा, सोपान, मुक्ताई यांच्यापैकी कुणीही साबुदाण्याची खिचडी खाल्लेली नाही! आणि आपण म्हणतो, ही आमची परंपरा.

खिचडी पाप आहे असं मी म्हणत नाही. पण ती काय आहे ते कळू द्या. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे 350 कॅलरी, जवळजवळ सगळा पिष्ट. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर. वर तूप. हे दिवसभर शेतात राबणाऱ्याचं जेवण झालं. ते खाऊन आपण सतरंजीवर बसतो आणि म्हणतो, आज उपास आहे.

येत्या एकादशीचं नाव षट्तिला. तिळाचे सहा उपयोग सांगितले आहेत. तिळाच्या पाण्याने स्नान, तिळाचं उटणं, तिळाचा होम, तिळाचं तर्पण, तिळाचं दान आणि तिळाचं भक्षण. सहातलं खाणं फक्त एक आहे. आपल्या लक्षात नेमकं तेवढंच राहिलं.

इथपर्यंत तुम्ही हसलात. मीही अनेक वर्षं इथंच थांबत होतो, कारण लोक हसले की कीर्तनकाराला बरं वाटतं. आता जे सांगतो, ते माझ्या चुकीचं आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावी सप्ताह होता. पंगतीच्या स्वयंपाकाची सगळी धुरा एका माऊलीवर होती. पहाटे तीनला उठून चूल पेटवायची, रात्री शेवटचं पातेलं घासून झाल्यावर झोपायची. अंगाने स्थूल होती. एकादशीवर बोलता बोलता मी म्हणालो, "कुणी एकादशी पाळली आणि कुणी मोडली, हे विचारावं लागत नाही. बघितलं की कळतं." आणि माझी नजर तिच्याकडे गेली. मंडप हसला. तीसुद्धा हसली. हसावंच लागतं हो, सगळे हसतात तेव्हा.

काल्याच्या दिवशी ती जवळ आली. पदर सावरून म्हणाली, "महाराज, राग नका मानू. मी एकादशीला पाण्याबिगर काही घेत न्हाई. थायरॉइडची गोळी चालू हाये. माझी आई अशीच व्हती, माझी लेक पन अशीच व्हनार. माझी जाऊ फराळाचं चार येळा खाती अन् काडीवानी हाये. मला येवढंच सांगा, देवाच्या दारात वजनकाटा अस्तो का?"

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. चाळीस वर्षं पाठांतर केलेला माणूस, पण उत्तर सापडेना.

घरी आलो आणि चरक उघडला. सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, त्यात अतिस्थूल माणसाबद्दल सांगितलं आहे. कारणं दिली आहेत. अति खाणं, गोड आणि स्निग्ध खाणं, दिवसा झोपणं, व्यायाम नसणं. आणि त्या यादीत एक कारण आहे, बीजस्वभाव. आईबापांकडून आलेला. ती माऊली म्हणाली ना, आई अशीच होती, तेच.

पुढे चरक जे सांगतात, ते वाचून मी पोथी मिटून बसलो. ते म्हणतात, मेद वाढला की वाटा अडतात. वाटा अडल्या की वायू कोठ्यातच फिरत राहतो आणि जठराग्नीला फुंकर घालत राहतो. अग्नी भडकतो, खाल्लेलं भरभर पचतं आणि पुन्हा भूक लागते. वणवा रान जाळतो तसा तो अग्नी त्या माणसाला आतून जाळतो. स्थूल माणसाचे आठ दोष त्यांनी मोजले, त्यांत अतिक्षुधा आणि अतितृष्णा हे दोन आहेत. म्हणजे बघा. आपण समजतो, जास्त खाल्लं म्हणून माणूस जाड झाला. ते खरं असेल. पण जाड झाला म्हणून त्याला भूक जास्त लागते, हेही तितकंच खरं. चाक दोन्हीकडून फिरतं. आजचे डॉक्टर शब्द वेगळे वापरतात, पण तेही सांगतात की वजन उतरवायला लागलं की शरीर घाबरतं, भूक वाढवणारे स्राव वाढवतं आणि गेलेलं वजन परत मागतं. हा त्या माणसाचा आळस नसतो, देहाचा धर्म असतो.

आपल्या ऋषींना हे माहीत होतं. भीमाची गोष्ट आठवा. धर्मराज, कुंती, द्रौपदी, सगळे एकादशी करतात. भीम व्यासांना म्हणतो, "आजोबा, माझ्या पोटात वृक नावाचा अग्नी आहे. मला उपाशी राहवत नाही." व्यास हसले नाहीत. 'तुझं अंगच सांगतंय' असं म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला वर्षातून एक, ज्येष्ठातली निर्जला एकादशी दिली आणि म्हणाले, हिच्यात तुझ्या सगळ्या आल्या. जो ज्या अग्नीचा, त्याला तसं व्रत. मी मात्र एका माऊलीला भर मंडपात तोलून मोकळा झालो.

आणि मी स्वतः? मी काटक. साठी उलटली तरी पोट नाही. लोक म्हणायचे, "महाराजांचा आहार सात्त्विक." मलाही ते खरं वाटायचं. त्याच वर्षी डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून रक्त तपासलं, तर जेवणानंतरची साखर 286. मी डॉक्टरांना म्हणालो, "कागद दुसऱ्या कुणाचा तरी असेल. मी बारीक आहे." ते म्हणाले, "महाराज, दिवसाला चहा किती?"

चहा! ज्या घरी जावं तिथं चहा. महाराजांना कडक आणि गोड लागतो, हे पाच तालुक्यांत माहीत. दिवसाला आठ कप. कपाला दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा. दिवसाला 80 ग्रॅम, महिन्याला जवळजवळ अडीच किलो. पेढे आणि शिरा वेगळाच. माझी जीभ रोज गळ गिळत होती, पण ती माझ्या अंगावर दिसत नव्हती. त्या माऊलीची जीभ तिच्या ताब्यात होती आणि अंग मात्र सगळ्या गावाला दिसत होतं. मंडपात हसायलाच हवं होतं, तर व्यासपीठाकडे बघून हसायला हवं होतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर फार मोठं काम केलं आहे. 2004 साली त्यांनी आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी आपला दोघांचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात, तो दोघांचा सारखाच, 22.3. काट्यावर दोघे समान. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दुपटीहून जास्त! पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही त्यांनी अभ्यासली. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने चरबी धरून ठेवणारी. म्हणून आपल्याकडे डॉक्टर काट्यापेक्षा कमरेची टेप बघायला सांगतात. पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आत, बाईची 80 च्या आत. काटा खोटं बोलत नाही, पण तो सगळंही सांगत नाही.

मग करायचं काय? गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात, हा योग अति खाणाऱ्याचा नव्हे आणि अजिबात न खाणाऱ्याचाही नव्हे. मधली वाट. ती कशी धरायची, ते आळंदीला शिकताना मी हाताने अनुभवलं होतं, पण विसरलो होतो. आम्ही विद्यार्थी माधुकरी मागायचो. पाच घरची झोळी. वरण, भाजी, भाकरी, भात, सगळं एकत्र. कोणतं आवडतं हा प्रश्नच नाही. झोळीत जे पडलं तो प्रसाद. अवधूताच्या चोवीस गुरूंत मधमाशीही आहे. ती फुलाफुलातून थोडं थोडं घेते, हा तिचा गुण. आणि ती साठवत बसते, म्हणून एक दिवस मधाबरोबर स्वतःही जाते, हा तिचा धडा. थोडं घ्यावं, साठा करू नये. शरीरालाही हेच लागू आहे.

माझ्यापुरते चार नियम केले, ते सांगतो. पटले तर घ्या.

पहिला. ओढ आली की तिला शिव्या द्यायच्या नाहीत आणि लगेच वाढायचंही नाही. हरिपाठ म्हणायचा. अर्धा तास जातो. जिभेला दुसऱ्या खात्यात बसवायची. हरिपाठ संपल्यावरही पोट मागत असेल, तर ती भूक आहे, जेवायला बसा. बहुतेक वेळा मागणारी निघून गेलेली असते.

दुसरा. जेवताना घाई नाही. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचायला वीसेक मिनिटं लागतात. आपण दहा मिनिटांत पान साफ करतो, म्हणजे वर्दी यायच्या आधीच चोरी झालेली असते. चरकांनी पोटाचे तीन भाग सांगितले. एक घन अन्नाला, एक पातळ पदार्थांना, एक वात, पित्त, कफ यांना फिरायला. तिसरा भाग रिकामा ठेवा. एसटीतसुद्धा कंडक्टरला फिरायला जागा लागते.

तिसरा. झोप. जागर केला की दुसऱ्या दिवशी गोड खावंसं वाटतं, हे तुम्ही अनुभवलं असेल. झोप तुटली की भूक वाढते, हे डॉक्टरही सांगतात. जागर करा, तो आपला धर्म आहे. पण रोज रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल बघणं हा जागर नव्हे.

चौथा सगळ्यात अवघड, आणि तो खाणाऱ्यासाठी नाही, वाढणाऱ्यासाठी आहे. आग्रह. "माझी शपथ, एक पोळी." "महाराज, पेढा नाही घेतला तर आम्हाला वाईट वाटेल." प्रेम आहे, कळतं. पण साखरेच्या माणसाला शपथ घालून पेढा देणं म्हणजे गळाला आमिष लावणं आहे. एकदा विचारा, नको म्हणाला तर हात जोडा. आणि उरलेला आग्रह खरोखर उपाशी असलेल्याच्या पानाकडे वळवा. तिथं तो पुण्य होतो.

आणखी एक, हात जोडून सांगतो. ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपास धरू नये. गोळी घेतली आणि पोट रिकामं राहिलं, तर साखर एकदम उतरते, वारीच्या वाटेत माणूस कोसळतो. आजारी, गर्भवती, आठ वर्षांखालची लेकरं आणि ऐंशीवरचे म्हातारे यांना आपल्या रीतीने आधीच मोकळीक दिलेली आहे. पांडुरंग युगानुयुगं विटेवर उभा आहे, तो एका उपासासाठी रुसणार नाही.

आता त्या माऊलीच्या प्रश्नाचं उत्तर. देवाच्या दारात वजनकाटा असतो का?

द्वारकेत एकदा होता. सत्यभामेने व्रतात देवालाच नारदांना दान दिलं. नारद म्हणाले, "चला देवा." मग सगळी धावाधाव. सोडवून घ्यायचं तर काय द्यावं? "देवाच्या वजनाइतकं सोनं." तराजू बांधला. एका पारड्यात भगवंत बसले. सत्यभामेने दुसऱ्या पारड्यात दागिने टाकले. पारडं हलेना. भांडार रिकामं केलं. हलेना. अंगावरचं काढून टाकलं. हलेना. मग रुक्मिणीमाता आल्या. त्यांनी एक तुळशीचं पान घेतलं, डोळे मिटले आणि पारड्यात ठेवलं. देवाचं पारडं वर उचललं गेलं.

माऊली, देवाच्या दारात काटा असतो. पण त्यात मांस तोलत नाहीत. किलो तोलत नाहीत. पहाटे तीनला उठून हजार माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या हातांचा भाव त्यात तोलला जातो आणि व्यासपीठावर उभं राहून तिला हसवणाऱ्या शब्दांचं हलकेपणही तोललं जातं. शरीर सांभाळायचं ते अवश्य सांभाळा. गुडघे शाबूत राहिले तर वारी होईल, डोळे शाबूत राहिले तर दर्शन होईल. पण कुणाच्या अंगाकडे बघून त्याच्या व्रताचा निवाडा करू नका. स्वतःच्या अंगाकडे बघून स्वतःचाही करू नका. जाड असलात तरी देवाला जड नाही, आणि बारीक असलात तरी साखर बघून घ्या.

पुढच्या वर्षी मी त्याच गावी गेलो. उभ्या कीर्तनात, वीणेकऱ्याच्या साक्षीने, त्या माऊलीची माफी मागितली. यावेळी मंडप हसला नाही. कीर्तन संपल्यावर ती चहा घेऊन आली. कपाकडे बघून मी जरा थबकलो. ती म्हणाली, "घ्या महाराज, बिनसाखरेचा हाये. गोड लागंल."

खरं सांगतो, गोड लागला.

उद्या पहाटे त्र्यंबकची वाट धरायची आहे. चालताना जीभ मोकळी असेल, तेव्हा तिला तिचं दुसरं काम द्या.

रामकृष्णहरि.